रांजणाचा कोंडलेला श्वास

मित्रांनो, वयाने मी म्हातारा, पोटाने मोठा आणि बोलण्यात जरा अघळपघळ आहे. तेवढे सांभाळून घ्या. मी सोयासॉसचा जुना मातीचा रांजण. मला भाजले त्या दिवशी भट्टीची धग अशी होती, की पलीकडच्या डोंगरावरचा बर्फ वितळून ओढ्याला पूर आला आणि मासे उकडूनच वाहत आले. खोटे वाटत असेल तर त्या माशांना विचारा.

सुनछांग गावी मला बैलगाडीतून आणले ते मिन गुरुजींच्या आईने. दर वसंताच्या तोंडावर ती माझ्यात मिठाचे पाणी आणि सोयाबीनच्या आंबवलेल्या विटा घाली, वर लाल मिरच्या नि कोळसा सोडी. मग गळ्यात गवताची दोरी बांधी आणि पोटावर कागदी मोजा उलटा चिकटवी. किडामुंगी आणि वाईट नजर, दोन्ही तुडवली जावीत म्हणून. जुना सॉस ती कधी संपू देत नसे. त्याच्याच विरजणावर नवा. ऊन पडले की झाकण उघडायचे, आभाळ भरले की लावायचे.

आभाळ भरल्याची वर्दी कुत्रा देई. गुरुजी शाळेत इतिहास शिकवत, म्हणून कुत्र्याला राजाचे नाव द्यायचे त्यांच्या मनात होते. पण थाळीभोवतीची त्याची लाचारी पाहून त्यांनी नाव ठेवले 'मंत्री'. एक मंत्री गेला की दुसरा येई, नाव तेच. पाऊस अजून समुद्रात असतानाच या मंडळींना वास लागे.

जेवताना गुरुजी मुलीला आधी लढाईचे साल विचारत, मग भात वाढू देत.

"अहो, भात निवतोय! मेलेल्यांना कसली घाई आहे?" त्यांची बायको ओकबुन ओरडे.

सुट्टीत गुरुजी शेताशेतांतून जुन्या कौलांचे तुकडे वेचून आणत, त्यांना वॉर्निश फासत आणि खिडकीत मांडून ठेवत.

पुढे आई गेली. तिच्या हातचे असे घरात एकच उरले, माझ्या पोटातला रस. शाळेतून दमून आले की गुरुजी चमच्याच्या टोकाने तो चाखत आणि मगच आत जात.

ते निवृत्त झाले त्या हिवाळ्यात शेजारचा रांजण थंडीने तडकला. गुरुजी धास्तावले. ओकबुन मुलीच्या बाळंतपणाला गेलेली, त्यामुळे अडवणारे कोणी नव्हते. त्यांनी मला अंगभर वॉर्निश फासले, एकावर एक दोन हात! मी असा चकाकलो, की माझ्यात दिसणाऱ्या कुत्र्यावर भुंकून मंत्र्याने घसा बसवून घेतला.

पण मित्रांनो, आम्ही मातीचे रांजण सर्वांगाने श्वास घेतो. तोच कोंडला. पोटात कुबट वास दाटला. ओकबुनने परत आल्याआल्या झाकण उघडले आणि नाक दाबले.

"अहो, हे काय करून ठेवलंत?"

"जपलं त्याला. आता शंभर वर्षं टिकेल."

"रांजण टिकेल हो! आतल्या आईंचं काय? आणा नाक इकडे."

गुरुजींनी वास घेतला आणि मटकन खाली बसले. "गेली का गं?"

"बघू. बसताय काय? पॉलिशपेपर आणा."

तिने रस गाळला, उकळला. गुरुजींनी बोटे सोलवटेपर्यंत मला घासले. मग गवत पेटवून मला धुरी दिली आणि रस परत ओतला. रोज ते झाकण उघडून पाहत; चाखायचे धाडस मात्र होत नसे.

आईचा स्मृतिदिन आला. तिच्यापुढे ठेवायच्या सूपमध्ये दुसरा सॉस कसा घालणार? ओकबुनने माझ्यातला पळीभर रस घातला. वाकून नमस्कार झाले, आणि गुरुजींनी घोट घेतला. मंत्रीसुद्धा शेपूट हलवायचा थांबला.

"काय हो? आहेत का आई?"

गुरुजींनी घोट बराच वेळ तोंडात घोळवला. डोळे पुसले.

"आईच आहे. फक्त रागावलीय."

"रागावतीलच! कोंडून घातलंत त्यांना."

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तूंवर माया करा, पण त्यांना नुसते शोभेला बसवू नका. त्यांना हात लावा, कामाला लावा, मोकळी हवा लागू द्या. आणि कधी चुकून चव बिघडलीच, तर टाकून देऊ नका. आमचा राग उतरायला थोडी वर्षे लागतात, पण उतरतो.