तोंडात मावते तो सोबती नाही

साहेब, हौद एकच होता हे कारण सांगू नका. तुमच्या मत्स्यविभागाच्या कचेरीच्या मागच्या पडवीत ड्रम उपडे पडले होते, टब होते, नळाला पाणी होतं. तरी तुम्ही सगळे मासे एकाच हौदात ओतले. बाई ओरडत होती, ते तुम्हाला ऐकू आलं. ऐकून तुम्ही जीपमध्ये बसलात आणि काच वर केली. तुम्ही गेल्यावर काय झालं, ते आता पुरतं ऐका, आणि ज्यांना ठाऊक नाही त्यांनीही पहिल्यापासून ऐका.

बाईचं नाव रंजिता राठोड. पुसदला बसस्टँडच्या अलीकडं तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, लखनचं, रंगीत माशांचं दुकान आहे. आत शिरलं की समोर काचेची मोठी टाकी आणि टाकीत ऑस्कर जातीचा मासा. वीतभराहून मोठा, काळाभोर, अंगावर विझत्या निखाऱ्यासारखे पट्टे. गिऱ्हाईक आलं की काचेला नाक लावून रोखून पाहायचा, म्हणून त्याचं नाव पडलं ठाणेदार. नखाएवढा होता तेव्हा आणला. सहा वर्षं रंजितानं त्याला हातानं चारलं. पाण्यात तिची बोटं दिसली की कुठूनही धावत यायचा. लखनची बोटं मात्र चावायचा.

असल्या दांडग्या माशाला सोबती शोधणं म्हणजे भांडकुदळ पोराला सोयरीक पाहण्यासारखं. पहिल्यांदा गोल्डफिश दिले, ते सकाळपर्यंत पोटात गेले. मग डोक्यावर टेंगूळ असलेला एक फ्लॉवरहॉर्न दिला, तर त्यानं ठाणेदाराचेच खवले सोलून काढले. रंजितानं त्याला जाळीत धरून त्याच दिवशी वेगळा केला. शेवटी जमलं ते तळहाताएवढ्या पाच पॅरट माशांशी. केशरी, गोलमटोल, भांडणात न पडणारे. आणि काच चाटणारा एक जाडजूड सकर. तेव्हापासून टाकीत शांतता होती. कोणी विचारलं की रंजिता सांगायची, "जो तोंडात मावते तो सोबती नाही भाऊ, तो नाश्ता. आन ज्याच्या तोंडात आपन मावतो, त्याच्या तर घरीच जाऊ नये."

त्या दिवशी साहेबांच्या माणसांनी कोण्या शेततळ्यातून बंदी असलेले सहा मंगूर धरले. हातभर लांब, मिशाळ, चिखलाच्या रंगाचे, दुसरे मासे गिळणारे. तिथून जीप सरळ रंजिताच्या दुकानावर आली. तिथं मंगूरचं बियाणं, म्हणजे पिल्लं, विकतात, अशी कोणीतरी चुगली केली होती. दुकान पालथं घातलं. बियाणं निघालं नाही. रिकाम्या हातानं परतायचं कसं, म्हणून साहेब टाकीसमोर थांबले.

"हा कोणता?"

"ऑस्कर आहे, साहेब."

"परदेशी ना?"

"दुकानातले सारेच परदेशी आहेत, साहेब. गोल्डफिश काय आर्णीच्या तळ्यातला आहे?"

साहेबांसोबतची माणसं हसली. रंजिताचं तेवढंच चुकलं. साहेबांना हसू खपत नाही, त्यातून स्वतःच्या माणसांचं तर नाहीच.

"ही टाकी रिकामी करा. सगळे मासे ताब्यात घ्या. तपासणी होईल."

कचेरीच्या अंगणात सिमेंटचा हौद होता. त्यात सहा मंगूर आधीच सोडलेले. लखनच्या गाडीवर मागं बसून रंजिता जीपच्या पाठोपाठ आली, तोवर शिपाई भीमराजनं तिच्या माशांच्या पिशवीचं तोंड सोडलं होतं.

"थांबा! साहेब, यायच्यात नका टाकू! हे मंगूर आहेत, खाऊन टाकतीन!"

"जप्तीचा माल एकाच जागी ठेवायचा असतो."

"माल नाई साहेब, जीव आहेत. त्या टबात टाका, मी पानी भरतो..."

"भीमराज, मी तहसीलमध्ये मीटिंग करून येतो. तोवर कोणीही हात लावायचा नाही. काही कमीजास्त झालं तर नोकरी जाईल."

पिशवी उपडी झाली. ठाणेदार, पाच पॅरट आणि सकर पाण्यात पडले. जीप फाटकाबाहेर गेली.

एप्रिलचं ऊन. हौद अर्धाच भरलेला, पाणी वरवर तापायला लागलेलं. पॅरट एका कोपऱ्यात गोळा होऊन धापा टाकत होते. रंजिताला ते पाहवेना.

"भीमराजभाऊ, हात नका लावू देऊ, पन झाका तरी. उकडून मरतीन ना!"

झाकायला काही मनाई नव्हती. भीमराजनं पडवीतली ताडपत्री आणली, लखननं दुसरं टोक धरलं, हौद झाकला. रंजितानं कपाळावरचा घाम पुसला.

तेवढ्यात खाली पाणी फडफडलं. एकदा. मग परत.

रंजिताच्या आता ध्यानात आलं. मंगूर उजेडात दबून बसतो, अंधारात चरायला निघतो. वर ताडपत्री पडली म्हणजे खाली रात्र झाली. आणि ती रात्र तिनंच मागून घेतली होती.

"याडी!" ती आईच्या नावानं किंचाळली आणि तिनं ताडपत्री ओढून फेकली.

पॅरट तीनच होते. एका मंगूरचा घसा फुगलेला, तो सुस्तपणे वर आला, हवेचा घोट घेतला आणि बुडाशी जाऊन बसला. बाकीचे भिंतीला लागून फिरत होते. ठाणेदाराची शेपटी एका बाजूनं फाटली होती. तो मागं सरत सरत कोपऱ्याला टेकला होता. सहा वर्षांत रंजितानं त्याला कधी मागं सरताना पाहिलं नव्हतं.

"झाकलं तर हे खाते, उघडं ठेवलं तर ऊन खाते," ती म्हणाली. "लखन, दुकानातून थर्माकोलची पेटी आन. आन हवेचा पंप."

"रंजिता, मासा दुसरा आनू. सायबाशी कायले वाकडं घेतं? दुकान बंद करतीन."

"तू आनतं का मी जाऊ?"

लखन गेला. रंजितानं फाटकाजवळच्या टमाटेवाल्याकडून दोन प्लास्टिकचे क्रेट उचलून आणले. भीमराज आडवा झाला.

"ताई, नाई. मले पोरं आहेत."

"मी मासा बाहेर काढून नाई राह्यली. आतल्या आत आडोसा करतो फक्त."

"हात लावाचा नाई म्हन्लं सायबानं."

"मी कुठं हात लावतो? तोच माझ्या हाताले येऊन लागला तर? त्याले नोटीस द्याल काय?"

भीमराजला हसू आलं, त्यानं ते गिळलं. फाटकाकडं पाहिलं. हौदाकडं पाहिलं. मग पाठ फिरवून उभा राहिला आणि खिशातला तंबाखूचा खर्रा काढून चोळू लागला.

रंजितानं क्रेट तिरका करून पाण्यात दाबला. क्रेटच्या आत हात घालून बोटं हलवली, घरी चारताना हलवायची तशी. पाणी गढूळ झालं होतं. काहीतरी लिबलिबीत, जड तिच्या मनगटाला घासून गेलं. तिनं डोळे मिटले, पण हात काढला नाही. बोटं हलवत राहिली. मागं आणखी एकदा पाणी फडफडलं. कोण गेलं ते तिनं पाहिलं नाही.

मग बोटाला ओळखीची ढुशी लागली.

तिनं वरून दुसरा क्रेट उपडा घातला आणि ओढणी फाडून दोन्ही क्रेट घट्ट बांधले. आत ठाणेदार आडवा होऊन भराभरा कल्ले हलवत होता. पॅरटसाठीही तिनं बोटं हलवली, पण पॅरट तिच्या हाताला कधी लागलेच नव्हते. टाकीत त्यांना सोबती म्हणून ठेवलं, जीव मात्र एकालाच लावला. आता ते कोपरा सोडून यायला तयार नव्हते. चव लागलेल्या मंगुरांना आता उजेडाचंही भय नव्हतं; उन्हातच, तिच्या डोळ्यांदेखत, पॅरट एकेक करून त्यांच्या पोटात गेले. खापरासारखं कडक अंग घेऊन सकर तेवढा तळाशी चिकटून राहिला.

लखन पेटी घेऊन आला आणि त्याच्या मागोमाग जीप. फाटकाशी बाजारातली माणसं जमली होती, ती बाजूला झाली.

साहेबांनी हौदात पाहिलं. काडीनं मोजलं.

"तेरा मासे होते. आठ आहेत. पाच कुठे गेले?"

"मंगूरच्या पोटात," रंजिता म्हणाली.

"आणि हे क्रेट कोणी टाकले?"

भीमराजचा हात खर्ऱ्याच्या पुडीवर थांबला.

"मी टाकलं."

"शिपाई काय करत होता?"

"त्याची पाठ होती माझ्याकडं." हे खोटं नव्हतं.

"म्हणजे ताब्यातल्या मालात तुम्ही हात घातला. एकाला लपवलं आणि पाच बाहेर नेले. ही चोरी आहे, बाई."

फाटकातून कोणीतरी बोललं, "चोरानं मोठा सोडून लहान नेले व्हय?" साहेबांनी तिकडं पाहिलं तसा बोलणारा गर्दीत मागं सरला.

"एक मंगूर फाडा ना साहेब. आत्ता दिसते."

"पुरावा फाडता येत नाही." साहेब जवळ आले, आवाज खाली केला. "वाढवू नका. पाच मासे तुम्ही काढून नेले एवढं लिहून द्या, आणि तुमचा हा काळा घेऊन जा. मी मिटवतो."

क्रेटमध्ये ठाणेदार एका अंगावर कलला. तोंड पाण्याच्या वर येऊ लागलं.

"दे लिहून," लखन कानाशी पुटपुटला. "मरते तो. दे ना."

रंजितानं कागद घेतला. पेन घेतला. क्रेटकडं पाहिलं. त्या कागदावर तिची सही पडली की उद्यापासून पुसदमध्ये ती चोर, दुकान चोराचं, आणि पाच पॅरट कोणी खाल्ले, तर कोणीच नाही.

तिनं कागद हौदाच्या कठड्यावर ठेवला, वर पेन ठेवला. ओढणीची गाठ सोडली आणि साहेबांच्या समोर, सगळ्या माणसांच्या समोर दोन्ही हातांनी ठाणेदाराला उचलून थर्माकोलच्या पेटीत सोडलं. पंप लखननं लावला. बुडबुडे सुटले. मासा तळाशी आडवा पडून राहिला, मग हळूच एक कल्ला हलला, मग दुसरा.

"आता लिहा साहेब," रंजिता म्हणाली. तिचे कोपरापर्यंतचे हात चिखलानं भरले होते. "रंजिता राठोडनं एक मासा काढला. एकच. सगळ्यायसमोर काढला. त्याची सही घ्या, मी देतो. पाचाची नाई देत."

"अरे, ह्या बाईला..."

"बोलू द्या मले. तुमी पिशवी सोडाले लावली तवा मी इथंच उभी होती. तुमच्या तोंडाकडं पाहून बोलली होती. हे मंगूर आहेत, खाऊन टाकतीन, असं मी सांगितलं होतं का नाई? हे अख्खं फाटक ऐकून राह्यलं, साहेब. हो म्हना, नाईतर नाई म्हना. सांगितलं होतं का नाई?"