बादलीतलं तांबडं विष

त्या रविवारी आमच्या खाडीकाठच्या गावात वाचनालयाच्या अंगणात एवढी गर्दी, की होडीतून उतरायला जागा नव्हती. मधोमध हरितानंदस्वामी, पुढ्यात विहिरीच्या पाण्याची बादली, हातात दोन लोखंडी कांड्यांचं, बॅटरीवर चालणारं ‘विषहारी’ यंत्र. बायका भाजी पुढे करत, स्वामी ती पाण्यात टाकून काहीतरी पुटपुटत, कांड्या बुडवत, की थोड्या वेळात पाणी तांबडं.

“माते, हे विष तुम्ही रोज पोटात ढकलता,” असं म्हणून ते लगेच शुद्ध अन्नचूर्णाचा डबा काढत. डब्यावर ऋषी, आत काय ते देव जाणे.

माझी शेजारीण भार्गवीअम्मा परसातला शेवग्याचा पाला घेऊन आली. तिने झाडावर जन्मात फवारा मारला नव्हता, तरी पाणी तांबडंच. तिची सून सिंधू पोटुशी, अंगात रक्त कमी, पालेभाजी खा म्हणून डॉक्टरांनी बजावलेलं. पण त्या दिवसापासून ती पाल्याला शिवेना. चूर्ण आणि बिस्किटं, बास. पोरगी पांढरीफटक पडली आणि अम्मा शेवगाच तोडायला निघाली. माझा नुसता जीव टांगणीला.

शेवटी मी शाळेतल्या ओमना टीचरना गाठलं. पुढच्या रविवारी त्या गर्दीत शिरल्या आणि म्हणाल्या, “स्वामी, भाजी न टाकता कांड्या बुडवा बघू.”

श्रद्धेशिवाय यंत्र चालत नाही, स्वामी गुरगुरले. मग यंत्र चालणार नाही, बिघडलं काय, असं म्हणत टीचरनी विहिरीचं ताजं पाणी घेऊन स्वतःच नुसत्या कांड्या बुडवल्या. पाणी तांबडं झालं. मग आम्ही पिण्यासाठी साठवतो ते पावसाचं पाणी मागवलं, त्यात अम्माचा पाला टाकून त्याच कांड्या बुडवल्या. पाणी होतं तसंच राहिलं.

टीचर म्हणाल्या, “आपल्या विहिरी खाऱ्या. खाऱ्या पाण्यातून बॅटरीची वीज वाहते आणि कांड्यांचं लोखंड गंजतं. पावसाच्या पाण्यात मीठच नाही. तुम्ही आठवडाभर भ्यालात ते गंजाला.”

स्वामींना अचानक होडीची घाई झाली.

सिंधूने हळूच विचारलं, “पण बाजारच्या भाजीवर फवारा असतोच ना, टीचर?”

“असतो. तो डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून भाजी चांगली धुवायची, आणि परसात पिकतं ते आधी खायचं. सासूचा पाला सोडून डब्यातली पूड खायला कोणत्या डॉक्टरांनी सांगितलं होतं?”

सिंधू रडायलाच लागली. त्या दुपारी ती दोनदा पाला मागून जेवली.

बायांनो, खाताना चौकस राहा, पण घाबरून ताट सोडू नका. भाजीत विष दाखवणारा भेटला, की त्याला आधी भाजीशिवायची बादली दाखवायला सांगा.