नवी यंत्रे येईपर्यंत

मी एक जुने मायनिंग यंत्र आहे. मित्रांनो, ‘जुने’ हे मी स्वतः म्हणतो म्हणून चालते. दुसऱ्या कुणी म्हटलेले मला खपत नाही. आमच्या जातीत सात वर्षांचा म्हणजे म्हातारा. पण या म्हाताऱ्याने सोलापुरातली एक अख्खी शेड राखली आहे.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. आकार बुटाच्या खोक्याएवढा, पोटात आकडेमोड करणाऱ्या तीन पाट्या, पुढे-मागे पंखे. जगभर माझ्यासारखी लाखो यंत्रे आकड्यांचे एकच कोडे सोडवत बसलेली असतात. कोडे सुटले की डिजिटल नाणे मिळते. या कामात मी इतका तापतो, की रंभाबाईंनी माझ्या मागे सूप ठेवून कुरडया वाळवल्या आहेत. तळल्यावर त्या दुप्पट फुलल्या, हे त्यांनी गल्लीभर सांगितले. नाण्यांचे कौतुक त्यांना कधीच नव्हते.

रंभाबाई म्हणजे माझ्या मालकिणीच्या, धम्मप्रियाच्या आई. त्यांनी तीस वर्षे चादरीच्या मागावर काम केले. धम्मप्रियाने नोकरी सोडली, अक्कलकोट रस्त्याला शरणप्पांची बंद पडलेली मागाची शेड भाड्याने घेतली, पाच नवी यंत्रे मागवली आणि ती येईपर्यंत मला कामाला लावले. पंधरा दिवसांत येतील, असे विकणारा म्हणाला होता. ते पंधरा दिवस संक्रांतीला सुरू झाले आणि आंबेडकर जयंती आली तरी संपेनात. कधी जहाज अडकले, कधी बंदरावर कागद अडकले. धम्मप्रिया रोज सकाळी फोन उघडायची आणि परत खिशात घालायची.

शरणप्पांनी शेड देताना एकच अट घातली होती.

“यव्वा, बंद शेड मला बघवत न्हाय. हितं कायतरी चालू पायजे. बंद दिसली की मी टॉवेलचं गोदाम करनार.”

म्हणजे ती पाच यंत्रे समुद्रावर हवा खात असताना त्यांची जागा मी एकटा धरून होतो. अभिमान वाटणार नाही तर काय?

एप्रिलात पारा त्रेचाळीसवर गेला. धम्मप्रिया कागदांच्या कामाला बाहेर गेली होती. रंभाबाईंना माझी दया आली. उन्हाळ्यात हवा कोरडी झाली की मागावर सूत तुटते, म्हणून मागवाले शेडमध्ये पाणी मारतात, ओली फडकी टांगतात. हे रंभाबाईंच्या हाडीमाशी खिळलेले. त्यांनी एक चादर भिजवली, पिळली आणि मायेने माझ्या तोंडावर टांगली. मित्रांनो, माझे तोंड हेच माझे नाक. माझा श्वास कोंडला, एक पाटी जळाली आणि मी बंद पडलो.

नेमके त्याच संध्याकाळी शरणप्पा आले. नुसते पंखे फिरवून ठेवले असते, तर त्यांना काहीच कळले नसते. धम्मप्रियाचा हात पंख्याच्या वायरीपर्यंत गेला, हे मी पाहिले. मग तिने तो मागे घेतला.

“काका, यंत्र बंद पडलंय,” ती म्हणाली.

“माझ्या हातनं झालं,” रंभाबाई म्हणाल्या. “मागाला करत हुतो तेच केलं की. ऊन लई हाय.”

शरणप्पांनी ती ओली चादर बोटांनी चाचपली. “आमी पन हेच करत हुतो,” ते म्हणाले. “सकाळी येतो. तवा चालू न्हाय दिसलं तर माझा इलाज न्हाय.”

धम्मप्रियाने जळकी पाटी काढली. रंभाबाईंनी मागाचा जुना ब्रश आणून माझ्या पात्यांतली धूळ अन् सुताचा भुगा झाडला. त्यांचे डोळे सारखे भरून येत होते, पण हात मात्र एकदाही चुकला नाही. सकाळी मी दोन पाट्यांवर उठलो आणि असा गरजलो, की शरणप्पांनी दारातूनच “चालू द्या” म्हटले आणि चपला न काढता परत गेले. त्या सकाळी होतो तितका ताठ मी कारखान्यातून निघतानाही नव्हतो.

पुढे सहा आठवडे मी दोन पाट्यांवर काढले. मग एकदाची ती पाच आली. तोवर विकणाऱ्याकडे त्यांच्याहून नवी यंत्रे आली होती. बिचारी खोक्यातच जुनी झाली. मी त्यांना ते सांगितले नाही. एकाचा पंखा वाटेत मोडला होता. धम्मप्रियाने माझा काढून त्याला बसवला. तिने माझी वायर काढली, तेव्हा तिचा तळवा माझ्या पाठीवर होता. “शेड तू राखलीस,” ती म्हणाली. मी आता फळीवर असतो, आणि माझा पंखा समोर दिवसभर फिरताना पाहतो.

मित्रांनो, तुमच्याही घरी काही नवे यायचे असेल. त्याची वाट जरूर पाहा. पण तोवर जे राबते आहे, त्याची धूळ आठवड्यातून एकदा झाडा. आणि त्याच्यावर माया करण्याआधी ते श्वास कुठून घेते, तेवढे पाहून घ्या.