मावशीचं नवं नाव

त्या दुपारी ती वडिलांचा डबा घेऊन तळघरात उतरली, तेव्हा तात्या एका जाडजूड शब्दकोशाचा कणा चिकटवत बसले होते. ग्रंथालयाच्या बांधणी विभागाला एकच खिडकी, तीही छताला टेकलेली. तिच्यातून रस्त्यावरच्या लोकांचे फक्त पाय दिसायचे, आणि तात्या त्या पायांवरून माणसं ओळखायचे.

"बघ, मास्तर आले. डावा पाय घासत येताहेत. दर वर्षी चपला नव्या, चाल तीच."

"तात्या, आधी जेवून घ्या. निवतंय."

"आत्ता हात काढला तर कणा वाकडा बसेल. मग हा बिचारा जन्मभर एका कुशीवर झोपेल."

ती हसली. मग सहज सांगावं तसं म्हणाली, "मावशीचं नाव बदलायचं ठरलंय. वरच्या कचेरीला आता सगळीकडे आकडे हवेत."

मावशी म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचा मोठा सर्व्हर. त्या एका लोखंडी पेटीच्या पोटात सहा आभासी यंत्रं चालत. एक पुस्तकांची यादी सांभाळायचं, एक सभासदांची, एक दारांची कुलपं, अशी सहा. खरं तर त्यांतलं एकही वेगळं हातात धरता आलं नसतं, पण आतल्या प्रत्येकाला वाटे, हे घर आपल्या एकट्याचंच. सहा पोरं मांडीवर घेऊन बसते म्हणून तात्यांनीच तिचं नाव मावशी ठेवलं होतं, ते वर सर्व्हर सांभाळायचे तेव्हा.

तात्यांचं बोट कण्यावर थांबलं. "आधी सगळ्यांना नीट झोपव," एवढंच ते म्हणाले, आणि बोट पुन्हा फिरू लागलं.

बोलायचं तर तेव्हाच होतं. शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते. तेवढ्यात तात्यांनी डबा उघडला, एक घास घेतला आणि म्हणाले, "तुझी आई मीठ विसरलीय. तिला सांगू नकोस हं, परवाही मी गप्प बसलो." आणि ते राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई चहाचा कप हातात धरून हाका मारत राहिली. तात्या उठले नाहीत.

राहून गेलं ते तीन वर्षांपूर्वीचं होतं. ती तेव्हा तात्यांच्या हाताखाली नवीनच शिकत होती. एका सुटीच्या दिवशी घरी बसून, तात्यांच्या खात्यातून आत शिरून तिने मावशीला एका ताऱ्याचं नाव देऊन पाहिलं. कारण काय, तर हौस. एकच ओळ टाइप करायची होती. पण सगळ्यांवर नजर ठेवणारं रखवालदार यंत्र असतं, त्याला कळवायचं ती विसरली. ते जुन्याच नावाने हाका मारत राहिलं आणि उत्तर येईना म्हणून धोक्याचे इशारे देऊ लागलं. घाबरून तिने मावशी बंद करून पुन्हा चालू केली, पोटातली सहाही जागी असताना. पुस्तकांची यादी मोडली. दोन दिवस ग्रंथालयात पुस्तकं सगळी होती, पण कुठलं कुठे आहे ते कुणाला सांगता येईना.

नोंदीत खातं तात्यांचं. ग्रंथपाल बाईंनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "हो, माझ्याच हातून झालं." महिन्याभरात ते तळघरात गेले. त्यांची खुर्ची तिला मिळाली. घरी तो विषय त्यांनी कधी काढला नाही. तिनेही नाही.

तेव्हापासून एक नियम झाला. मावशीला हात लावण्याआधी दोघांनी बसायचं, एकाने वहीतली मागची चूक मोठ्याने वाचायची, मगच दुसऱ्याने काम सुरू करायचं. वाचायला देवघेव विभागातले मास्तर असत. 'तात्यांनी रखवालदाराला न कळवता नाव बदलले.' हे वाक्य तिने तीन वर्षांत कितीदा मान खाली घालून ऐकलं होतं.

तात्या जाऊन दोन महिने झाले आणि नाव बदलायचा दिवस आला. मास्तर वही मांडीवर घेऊन बसले, पण त्यांनी ती उघडली नाही.

"आज नको वाचायला," ते म्हणाले. "तू कर सुरू."

तिने सहाही यंत्रं एकेक करून झोपवली. मावशीला रखवालदाराच्या यादीतून काढलं. मग ती एक ओळ लिहिली, नवा आकडा दिला आणि यंत्र पुन्हा चालू व्हायला सोडलं. पडदा काळा झाला. पंखे मंदावले आणि खोली पाण्याखाली गेल्यासारखी शांत झाली. तिला वाटलं, आता ती ना जुनी मावशी आहे, ना नवा आकडा. अशा वेळी तिला कुणी हाक मारली तर कुठे पोचेल? त्या थंडगार खोलीला छताजवळ एक खिडकी आहे, तिच्यातून पाय चाललेत, आणि खाली बसून कुणीतरी ते ओळखतंय, असं तिला कितीतरी वेळ वाटत राहिलं. पायांपैकी दोन तिचेच होते. तेही तात्यांनी ओळखले होते, तीन वर्षांपूर्वीच, आणि गप्प बसले होते.

"तात्या माणूस सोन्यासारखा," मास्तर हळूच म्हणाले. "एकदा चुकला. मीही फार चिडवलं त्याला. आता ते पान फाडून टाकू, बाईंना मी सांगतो. कशाला उगाच ते त्याच्या नावावर राहू द्यायचं?"

पंखे पुन्हा फिरू लागले. पडद्यावर नवा आकडा उमटला. तिने तो रखवालदाराच्या यादीत घातला आणि सहाही यंत्रं जागी केली. काम बिनचूक झालं होतं. तिने कळफलकावरून हात काढले आणि मास्तरांकडे तोंड करून बसली.

"फाडू नका, मास्तर. त्या दिवशी नाव मी बदललं होतं. घरी बसून, तात्यांच्या खात्यातून. त्यांना माहीत होतं. त्यांनी स्वतःवर घेतलं आणि मी घेऊ दिलं. ते खाली बसले होते तेव्हा मी रोज डबा घेऊन जायचे, पण हे त्यांनाही कधी म्हटलं नाही. ते वहीत लिहा, माझ्या नावाने."