सिस्टरची भूक

क्रांती सिस्टर खादाड आहे, हे कडेगावजवळच्या त्या गावात एव्हाना सगळ्यांना माहीत झालं होतं. दर आठवड्याला ती उपकेंद्रातून यायची, साळूबाईची साखर तपासायची आणि सोप्यात बसून म्हणायची, “आजी, भूक लागलीय. भाकरी टाका की.” सरकारी पगार घेऊन म्हातारीच्या घरी जेवायला हिला लाज कशी वाटत नाही, असं शेजारची अर्जुना म्हणे.

म्हणायला काय जातं? साळूबाई चक्कर येऊन पडली, तेव्हा सिस्टरनंच तिला उचललं होतं. मधुमेहाची गोळी घेतलेली आणि पोटात अन्नाचा कण नाही.

“आजी, जेवला होता का?”

“व्हय तर! पोरगा मिलिटरीत हाय माझा.”

सिस्टरनं हळूच डबा उघडून पाहिला. घराच्या चारी बाजूंनी ऊस आणि डब्यात पीठ नाही. जमीन पोराच्या नावावर, पोरगा दूर पठाणकोटला. तो पैसे पाठवत नाही हे सांगायचं, तर साळूबाईला मरण परवडलं असतं.

सिस्टरनं धान्य आणून दिलं, ते तिनं परत पाठवलं. मग सिस्टरनं ही युक्ती काढली. साळूबाई स्वतःसाठी हात पसरणार नाही, पण दारात आलेल्या माणसाला उपाशी कसं लावून देईल? सिस्टरच्या नावानं अर्जुनाकडून पीठ यायचं, भाकरी व्हायची आणि सिस्टरला सोबत म्हणून साळूबाईही जेवायची. बाकीच्या दिवसांचं काय, याची मात्र सिस्टरला धास्ती होती. म्हातारी दर फेरीला जास्तच वाळलेली दिसायची.

परवा ताट समोर आलं. सिस्टरनं घास मोडला तसा साळूबाईनं तिचा हात धरला.

“आज संकष्टी हाय. मागल्या संकष्टीला लशी द्यायला आलासा, तवा अर्जुनानं लाडू दिला, तर चंद्र बघून खाईन म्हणालासा.”

उपास असून भुकेचं सोंग केल्याची चोरी पकडली गेली होती. आता म्हातारी चिडणार, जेवायची नाही, आणि गोळी तर सकाळीच घेतलेली. सिस्टरला खरंच भीती वाटली.

साळूबाईनं ताट आपल्याकडं ओढलं, सगळी भाकरी खाल्ली आणि परात घेऊन कुंपणाशी गेली.

“अर्जुना, आनखी पीठ दे गं.”

“आवं काकी, अजून भरलं न्हाई व्हय सिस्टरचं?”

“सिस्टरचा उपास हाय. मला पायजे.”