बूट बांधताना

ईसीजीच्या खोलीत पट्ट्या काढणाऱ्या ताईंचं राज्य होतं. डॉक्टरसुद्धा दार वाजवून आत यायचे.

त्या सकाळी वडिलांबरोबर नऊ वर्षांची एक मुलगी आली. घरचे तिला भिंगरी म्हणत, आणि ते का, हे ताईंना दोन मिनिटांत कळलं. जन्मापासून तिच्या हृदयाची एक झडप जागेवरून खाली सरकलेली होती. तपासणी दरवर्षीचीच, पण यंदा शाळेच्या पोहण्याच्या वर्गासाठी परवानगी हवी होती.

कागदाची पट्टी निघाली. ठोके नियमित होते, फक्त प्रत्येक ठोक्याच्या सुरुवातीला रेघ जरा तिरकी चढत होती. अशी झडप असलेल्या मुलांच्या हृदयात ठोके चालवणाऱ्या विजेला कधीकधी एक चोरवाट असते आणि तिच्यामुळे ठोके एकाएकी उधळू शकतात, हे ताईंना ठाऊक होतं.

"छातीत कधी धडधडतं का गं?"

"छे हो, दिवसभर उड्या मारते," वडील म्हणाले.

"मी तिला विचारलं, दादा."

भिंगरी जरा घुटमळली. "बूट बांधताना होतं, मागच्या वर्षापासून. आत कुणीतरी पळत सुटतं. पण सांगितलं की पोहणं बंद."

वडिलांचा चेहरा उतरला. ताईंनी तारा काढल्या नाहीत. डॉक्टरांना बोलावून घेतलं आणि ते आल्यावरच म्हणाल्या, "हं, बांध बघू बूट."

पहिल्यांदा काहीच झालं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा ती वाकली आणि रेघा दाटीवाटीनं धावू लागल्या. मिनिटाला दोनशे वीस.

"हेच ते," भिंगरी म्हणाली.

वडील ताडकन उठले. "बसा," ताई म्हणाल्या. "पोर बोलतेय, आणि आम्ही दोघं इथंच आहोत."

डॉक्टरांनी तिच्या हातात रिकामी सिरिंज दिली. "फुंकून हा दट्ट्या हलव." तोंड लालबुंद होईपर्यंत ती फुंकत राहिली. मग तिला झटकन आडवं करून ताईंनी तिचे पाय वर उचलले. रेघ अडखळली, क्षणभर थांबली आणि नेहमीच्या चालीनं चालू लागली.

"एरवी हे सापडायला अजून एखादं वर्ष गेलं असतं," डॉक्टर म्हणाले.

"तिला कुणी विचारलं असतं तर मागच्याच वर्षी सापडलं असतं."

डॉक्टर ओशाळून हसले. मग त्यांनी वडिलांना नीट समजावलं. मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन ती चोरवाट जाळून बंद करता येते. झडपेवर लक्ष ठेवावं लागणारच, आणि चोरवाट बंद होईपर्यंत पाण्यात उतरायचं नाही.

"मला का नाही सांगितलंस?" वडिलांनी विचारलं.

"तुम्ही घाबरता."

"घाबरणं माझं काम आहे. तू सांगत जा."

दोन महिन्यांनी नळी घातली, तेव्हा चोरवाटा एक नव्हे, दोन निघाल्या. चार तास लागले, पण दोन्ही बंद झाल्या.

त्यानंतरची पट्टी ताईंनीच काढली. तिरकी चढण कुठंच नव्हती. डॉक्टरांनी परवानगीवर सही केली. काठावर लक्ष ठेवायला कायम कुणीतरी हवं, एवढी एकच अट.

"खोल बाजूला गेलं तर चालेल?" भिंगरीनं ताईंना विचारलं.

"ते पोहायला शिकवणाऱ्या बाईंना विचार," ताई तारा गुंडाळत म्हणाल्या. "हृदयाची हरकत नाही."