मुंगीने नापास केलेलं दूध

दांडी गावात मासळी सुकवायच्या मोकळ्या जागेत त्या सकाळी बोंबलांपेक्षा बायका जास्त होत्या. प्रत्येकीच्या हातात वाटी, वाटीत अंगावरचं दूध, आणि मधोमध पाटावर मुंगीबाबा. त्यांच्या पुढ्यातल्या बरणीत काळ्या मुंग्या होत्या. त्या हिमालयातून आल्या असं बाबा सांगत. माझ्या मते त्या बोईसरच्या एखाद्या मिठाईवाल्याकडच्या असाव्यात, कारण तप करून मुंग्या इतक्या गुटगुटीत होत नाहीत.

परीक्षा सोपी होती. बाळंतिणीच्या वाटीत मुंगी सोडायची. ती मेली की दूध बाधलेलं, ते बाळाला द्यायचं नाही. त्याऐवजी बाबांचं क्षीरशुद्धी चूर्ण पाण्यात कालवून पाजायचं, आईनेही घ्यायचं आणि मग पुन्हा परीक्षेला यायचं. गंमत म्हणजे पहिल्या खेपेला एकही मुंगी जगत नसे आणि चूर्ण घेतल्यावर एकही मरत नसे. कल्ले उचकून बघितल्याशिवाय पापलेट न घेणाऱ्या आमच्या बायका, पण मुंगीचा निकाल त्यांनी मुकाट मान्य केला.

रंभाबाईंची सून जागृती त्यांतलीच. तिची तान्ही स्वरा आधीपासूनच वजन धरत नव्हती. म्हणून रंभाबाईंनी सुनेचं दूध मुंगीकडे नेलं, मुंगीने ते नापास केलं आणि पोर चूर्णाच्या पाण्यावर आली. आता तिचं रडणंसुद्धा बारीक झालं होतं. जागृतीची छाती ठणकायची, ती दूध मोरीत पिळून टाकायची आणि तिथेच रडत बसायची. मी त्यांचा शेजारी, मला संताप यायचा. एकदा बोललोही, तर पुरुषांनी यात तोंड घालू नये असं रंभाबाईंनी सुनावलं.

पालघरहून दीपाली नावाची एक संशोधक गावात यायची. अंगावरचं दूध आणि मुलांचं पोषण हा तिचा अभ्यास. ती बाळांची वजनं करायची आणि आई बाळाला कसं धरते ते तासन्‌तास बघत बसायची. बाळं दूध पितात ते बघायला पगार मिळतो, यावर गावाने पोटभर हसून घेतलं होतं. त्या सकाळी स्वराचं वजन घसरलेलं बघून ती जागृतीला आणि पोरीला, दुधाच्या वाटीसकट, घेऊन थेट बाबांपुढे येऊन बसली.

तिने भांडण केलं नाही. बाबांच्या चूर्णाचीही मुंगीकडून परीक्षा व्हावी, एवढीच विनंती केली. एवढ्या बायकांपुढे बाबांना नाही म्हणता येईना. पेल्यात चूर्ण कालवलं, मुंगी सोडली. तिने थोडे पाय मारले आणि ती गेली. बाबा म्हणाले, उपाशी होती. दुसरीही गेली. तिला म्हणे मागच्या जन्माचा शाप होता. मग दीपालीने तिसरी मुंगी बाबांच्या अर्ध्या प्यायलेल्या चहात सोडली. ती बुडाली आणि बाबांचा हात आपसूक स्वतःच्या पोटावर गेला. पहिली हसली ती एक कोळीण, मग सगळ्याच.

"मुंगीला पोहता येत नाही, बाबा," दीपाली म्हणाली. "दुधाबद्दल ती काहीच सांगत नाही."

रंभाबाई अशा ऐकणाऱ्या नव्हत्या. "मंग चूर्ण घेतल्यावर ती जगते कशी, बाय? मी माज्या डोल्यांनी बगितलंय."

"कशात बघितलंत, मावशी? वाटीत की पानावर?"

पानावर, असं रंभाबाई हळूच म्हणाल्या.

दीपालीने जागृतीच्या वाटीत मुंगी सोडली, ती बुडाली. त्याच वाटीतला एक थेंब तिने बदामाच्या पानावर बोटाने पसरला. त्यावर सोडलेली मुंगी कडेला उभी राहून यथेच्छ दूध प्यायली आणि चालती झाली. दूध तेच, आई तीच. पहिल्या परीक्षेला खोल वाटी आणि दुसरीला पानावरचा पुसट थेंब, एवढाच बाबांचा चमत्कार. चूर्ण एकीने चाखून बघितलं, तर तांदळाचं पीठ आणि पिठीसाखर. बाबांनी घाईने बरणी उचलली, तिचं झाकण निसटलं आणि मुंग्या कफनीत शिरल्या. रिक्षापर्यंतचं अंतर बाबांनी कोणताही मंत्र न म्हणता कापलं.

जागृती मात्र हसत नव्हती. "मंग माजी पोर वजन का नाय धरत होती?"

"तू तिला घेतेस कशी, ते दाखव," दीपाली म्हणाली.

स्वरा फक्त बोंडाचं टोक चोखत होती, दूध तोंडात पुरेसं येतच नव्हतं. दीपालीने बाळाचं सगळं अंग आईकडे वळवलं, पोटाला पोट लावलं, हनुवटी छातीला टेकवली. तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायचं आणि मग बोंडाभोवतीच्या काळ्या भागासकट जवळ घ्यायचं, असं तिने सांगितलं. स्वरा चुकली, परत चुकली, मग तिने जबडा वासला. रंभाबाईंनी कान जवळ नेला.

"गिळते हाय," त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले. मग कडेला उभ्या आम्हा पुरुषांकडे बघून त्यांनी आम्हाला तिथून हाकललं.

दीपालीने स्वराला डॉक्टरांकडेही नेलं. जागृती तिला पुन्हापुन्हा पाजत राहिली, दूध वाढलं आणि काटाही वर सरकू लागला. माझं सांगणं एवढंच आहे. पोट भरतंय की नाही हे बाळच सांगतं: ओल्या होणाऱ्या लंगोटांनी, गिळण्याच्या आवाजाने, वाढत्या वजनाने. शंका आली तर वजन करा, दवाखाना गाठा, आणि आईच्या दुधाला कोणी दोष दिला तर आधी पुरावा मागा. बाबा रागावतील. त्यांना रागावू द्या, पण पोरीला उपाशी ठेवू नका.